मोरदऱ्याच्या दोन फायली

१

मोरदऱ्याची फाईल हरवल्याचं मला सोमवारी, २७ मार्च २००० ला, सकाळी साडेदहाला कळलं. मी घोडेगावच्या ऑफिसात नुकताच येऊन बसलो होतो. माझी बायको साळू जाऊन पावणेदोन महिने झाले होते. घरी बसलं की घर खायला उठायचं, म्हणून मी ऑफिसात वेळेच्या आधी यायचो. काम मात्र हाताला लागत नव्हतं.

मोरदऱ्याचा ग्रामसेवक संपत दारात उभा होता. शर्ट घामानं भिजलेला.

"रावसाहेब, फाईल गेली."

"कुठं गेली?"

"ते ठाऊक असतं तर इथं आलो असतो का?"

मी पाणीपुरवठ्याकडचा शाखा अभियंता. गावोगावी लोक मला रावसाहेब म्हणतात. त्या फायलीत मोरदऱ्याची नवी शाळा होती आणि नळपाणी योजनाही होती. ती शुक्रवारपर्यंत, म्हणजे ३१ मार्चच्या आत, पुढं गेली नाही तर शाळेची मंजुरी दुसऱ्या गावाला जाणार होती. त्यात ग्रामसभेचा मूळ ठराव होता, दोनशे सह्या आणि अंगठ्यांचा. तो पुन्हा करायचा तर ग्रामसभा घ्यावी लागली असती आणि तिची नोटीस सात दिवस आधी द्यावी लागते. आमच्या हातात चार दिवस होते.

शाळा आणि पाणी एका फायलीत का, तेही सांगतो. मोरदरा वाढलेलं गाव. धरणात घरं गेलेली कुटुंबं इथं आली, टोमॅटोच्या कामाला आलेली माणसं इथंच राहिली. हजाराचं गाव अडीच हजारांचं झालं. शाळा सातवीपर्यंत, खोल्या तीन. दोन वर्ग देवळाच्या ओसरीत भरायचे. सातवी झाली की पोरींची शाळा सुटायची, कारण घोडेगाव नऊ किलोमीटर. गावाचे दोन भाग, खालचं गाव आणि डोंगराकडची वरची वाडी. विहीर खालच्या शिवारात. वरचे म्हणाले, मग शाळा आमच्या माळावर आणि पाण्याची टाकी शाळेशेजारी. एकाचा दुसऱ्यावर भरवसा नाही. एक काम होईल आणि दुसरं राहील म्हणून दोन्हींचा एकच ठराव केला. सरकारात शाळेचं खातं वेगळं आणि पाण्याचं वेगळं, हे मी सभेत सांगितलं होतं. कोणी ऐकलं नाही.

उपअभियंता साहेबांनी मला आत बोलावलं. "पोलिसात गेलो तर आधी ग्रामसेवक घरी बसेल, मग आपण. तुम्ही जाऊन या. माणसं तुमच्या ओळखीची आहेत."

मी उठलो. संपत माझ्या मागं आला आणि जिन्यात हळूच म्हणाला, "एक सांगायचं राहिलं. कुलूप तुटलेलं नाही."

२

मोरदऱ्याच्या ग्रामपंचायतीत एकच लोखंडी कपाट आहे. संपतकडं तीन गावं, म्हणून तो इथं मंगळवारी आणि शुक्रवारी येतो; फाईल घोडेगावला न्यायची म्हणून या खेपेला सोमवारीच आला होता. बाकीच्या दिवशी किल्ली कुठं असते ते मी शिपायाला, भागूला, विचारलं. त्यानं भिंतीवरच्या तसबिरीकडं बोट दाखवलं.

"तसबिरीच्या मागं."

"हे कोणाला माहीत आहे?"

"कोणाला न्हाई ते इचारा. साहेब, ह्या किल्लीची गत देवळाच्या घंटेवानी हाय. हात पुरला त्यानं वाजवायची."

संपतनं कपाळाला हात लावला.

शुक्रवारी संध्याकाळी पाचला संपतनं स्वतः फाईल कपाटात ठेवली होती. शनिवारी ऑफिस उघडं होतं, कारण तिथं बायकांच्या बचत गटाची बैठक होती. रविवारी दाराला बाहेरून कुलूप आणि त्याची किल्ली भागूच्या कमरेला. म्हणजे फाईल गेली ती शनिवारी.

"शनिवारी कोण कोण होतं?"

भागू बोटं मोजायला लागला. "गटाच्या धा-बारा बाया. त्यांचं लिवायला शाळेतल्या वृषालीबाई. सरपंच म्हनून झुंबरबाई. हौशीराम पाटील उताऱ्यासाठी आलते, संपत भाऊसाहेब न्हाईत म्हनून मलाच शिव्या घातल्या. आन मी."

"खोली कधी रिकामी झाली?"

"टँकर आला की हो. भोंगा वाजला की बैठक काय आन लगीन काय, समदी हंडं घेऊन पळत्यात. मीबी गेलो. त्या दिशी झुंबरबाई येळेवर आल्या न्हाईत, मग रांगंतली भांडनं मलाच सोडवावी लागली. एका बाईनं मला कळशी मारली, हे बघा." त्यानं कोपर दाखवलं.

मी कपाट उघडून पाहिलं. फायली पुठ्ठ्याच्या, पांढऱ्या नाडीनं बांधलेल्या. प्रत्येकीवर संपतनं निळ्या शाईनं ठसठशीत नाव लिहिलेलं. मी त्याला दप्तराची यादी काढायला लावली आणि एकेक फाईल ताडून पाहिली. तासभर गेला.

"संपत, यादीत समाजमंदिराची फाईल आहे. ती कुठं आहे?"

"असंल कुठंतरी. ते काम कवाच बारगळलंय, रावसाहेब. तिला कोण इचारतंय?"

पण ती कपाटात नव्हती, टेबलावरही नव्हती. एक नाही, दोन फायली गेल्या होत्या. आणि दुसरी कोणाच्याच उपयोगाची नव्हती.

३

हौशीराम पाटील आधी सरपंच होते. योजनेसाठी विहीर त्यांच्याच शेतात धरली होती, कालव्याच्या खालच्या अंगाला. मी गेलो तेव्हा ते पंपाच्या खोलीसमोर खुर्ची टाकून बसले होते.

"या रावसाहेब. पाणी मोजणारी माणसं तुमी, चोर कवापासून मोजायला लागले?"

"सांगितलं ते करतो, हौशीरामभाऊ."

"वैनींचं वाईट झालं. मी भेटायला येनार व्हतो, ऱ्हाऊनच गेलं." त्यांनी खुर्ची माझ्याकडं वळवली. "हे बघा, माझं नाव घेनारी लई भेटतील. पर इचार करा. योजना आली तर हीर सरकार खोल करनार, बांधून देनार. माझ्या शेतात. मी फाईल कशाला चोरू? मी तर तिला वाजतगाजत घोडेगावला न्हेली असती."

हे खरं होतं. फाईल पुढं जाण्यात त्यांच्याइतका फायदा कोणाचाच नव्हता. विहीर बांधून झाल्यावर पंप कोण चालवणार आणि रात्री कोणाचा ऊस भिजणार, हे मला तीस वर्षांच्या नोकरीनं शिकवलं होतं. मी विहिरीत डोकावलो. मागचं आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, बंद होऊन आठवडाच झाला होता. पाणी जवळजवळ तळाला गेलं होतं.

"पाणी उतरलंय."

"उन्हाळा हाय, रावसाहेब. आमी बी उतरलोय."

तिथून शाळेत गेलो. वृषालीबाई ओसरीत चौथी आणि पाचवी एकत्र घेऊन बसल्या होत्या. मला पाहून बाहेर आल्या.

"साहेब, शनिवारी मी कपाट उघडलं होतं," त्या आपणहून म्हणाल्या. "मुलींचा आकडा कमी लागला होता. अकरा मुलींची नावं शाळेतून काढली म्हणून ठरावासोबतच्या तक्त्यात त्या धरल्याच नव्हत्या. मी त्या घालून कागद बदलला. तेव्हा फाईल होती. नंतर टँकर आला आणि मी वर्गात आले."

"तुम्ही हे कोणाला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर कागद बदलू दिला असता का?"

"ही फाईल पुढं जाऊ नये असं कोणाला वाटत असेल?"

त्या हसल्या, पण हसण्यात काही नव्हतं. "मला वाटत होतं, दोन फायली करा म्हणून. मी सभेत म्हटलं तर हौशीराम पाटील म्हणाले, मॅडम, तुम्ही बदलून जाल, आम्हाला इथंच राहायचंय. साहेब, यंदा सातवीत नऊ मुली आहेत. शुक्रवारपर्यंत फाईल मिळाली नाही तर त्या नऊजणी जूनमध्ये टोमॅटोच्या खुडणीला असतील. मी कशाला चोरू?"

त्यांनाही मी यादीतून काढलं. गटाच्या बाया तर भोंगा वाजताच हंडे घेऊन पळाल्या होत्या. उरले तीन: संपत, भागू आणि झुंबरबाई. आणि झुंबरबाईंवर संशय घ्यायचं तोवर माझ्या मनातही आलं नव्हतं.

४

सरपंच झुंबरबाई वरच्या वाडीच्या. महिला राखीव जागा निघाली तेव्हा खालच्या लोकांनी त्यांना बसवलं, कारण त्या बोलणार नाहीत असं सगळ्यांना वाटलं. सही मात्र त्या करायच्या. मोठ्या, सावकाश अक्षरात.

त्या दारात बसून सुपातले तांदूळ निवडत होत्या. मला पाट दिला. साळूचा विषय निघण्याआधीच त्या म्हणाल्या, "मी आलते रावसाहेब तुमच्या घरी, तिसऱ्या दिशी. तुमी कोपऱ्यात बसलं व्हता. तुमी बगितलं न्हाई."

मला खरंच आठवत नव्हतं.

मी संपतनं केलेली यादी त्यांच्यापुढं धरली. "यातल्या कोणत्या फायली तुम्ही शनिवारी पाहिल्या?"

"चष्मा घरात ऱ्हायला, रावसाहेब. तुमीच वाचा."

मी वाचत गेलो. त्यांचे हात थांबले नाहीत. तांदळाच्या कणासारखे पांढरे बारीक खडे त्या बोटाच्या टोकानं उचलून बाहेर टाकत होत्या, एकही चुकत नव्हता. मी यादी संपवली तेव्हा त्या म्हणाल्या, "मला काय कळतंय त्यातलं. म्या आपली सही करती."

"टँकरला उशिरा का गेलात?"

"गुडघं दुखत्यात."

सूप बाजूला ठेवून त्या चटकन उठल्या आणि मला पाणी आणून दिलं. अर्धाच तांब्या होता.

निघताना पायवाटेवर मी थांबलो. चष्मा घरात राहिला, असं बाई घराच्या दारात बसून म्हणाली होती. आत जाऊन आणला नाही. आणि ज्या डोळ्यांना तांदळातला खडा दिसतो त्यांना संपतचं ठसठशीत अक्षर का दिसत नाही?

डोळ्यांचा प्रश्न नव्हता. झुंबरबाईंना वाचता येत नव्हतं. सही त्या चित्रासारखी गिरवून शिकल्या होत्या. चार वर्षं सगळा गाव त्यांच्यापुढं कागद ठेवत होता आणि कोणाला कळलं नव्हतं, कारण कोणी त्यांना कधी काही वाचायला सांगितलंच नव्हतं.

मग दुसरी फाईल का गेली तेही कळलं. ज्याला वाचता येतं त्यानं नाव वाचून एकच उचलली असती. वाचता न येणाऱ्याला फाईल ओळखायची तर दुसरी खूण लागते. ग्रामसभेत मी शाळेचा आणि टाकीचा निळा नकाशा पसरून दाखवला होता. तसा निळा नकाशा त्या कपाटात आणखी एकाच फायलीत होता, समाजमंदिराच्या. बाईंनी दोन्ही उचलल्या होत्या.

पण त्यांच्याच वाडीत शाळा येणार, त्यांच्याच दारात टाकी येणार. मग त्यांनी फाईल का लपवावी? याचं उत्तर मला दुसऱ्या दिवशी माझ्याच टेबलाच्या खणात सापडलं.

५

पाण्याच्या कागदांची एक प्रत आमच्या ऑफिसात असते. मंगळवारी सकाळी मी ती काढली. नकाशा ठीक होता, लोकसंख्या ठीक होती. शेवटी विहिरीच्या चाचणीचा कागद. विहिरीवर सलग पंप चालवायचा, पाणी किती उतरतं आणि किती वेळात परत भरतं ते लिहायचं. त्यावरून विहीर गावाला पुरेल का ते ठरतं.

कागदावर होतं: चाचणी ९ ते ११ फेब्रुवारी. विहीर सहा तासांत पूर्ण भरली. चाचणीच्या काळात कालवा बंद होता.

मी ११ फेब्रुवारी ही तारीख पुन्हा पाहिली.

त्या दिवशी साळूचा दहावा होता. माझं गाव त्याच कालव्यावर, चार किलोमीटर वरच्या अंगाला. नदीत नुसती डबकी होती, म्हणून दशक्रिया कालव्याच्या काठी केली. कालवा काठोकाठ भरून चालला होता. माझ्या बहिणीचा पाय घसरला तेव्हा दोघांनी तिला दंडाला धरून ओढलं. मी डोकं भादरून त्या पाण्यात बुडी मारली होती. कालवा बंद नव्हता.

भरलेल्या कालव्याखालची विहीर कितीही उपसा, ती भरणारच. ते पाणी विहिरीचं नव्हेच, ते कालव्यातून झिरपलेलं. कालवा बंद झाला की विहीर तळाला. म्हणून अशी चाचणी मे महिन्यात, कालवा बंद असताना घ्यायची असते. मी रजेवर होतो. साहेबांना घाई होती, म्हणून आकडे संपतनं भरले आणि मी कामावर आल्यावर कागद माझ्यापुढं आला.

खाली तपासणाऱ्याची सही होती. तारीख १५ फेब्रुवारी. सही माझी होती.

६

मी संपतला बरोबर घेऊन वरच्या वाडीवर गेलो. वाटेत त्याला एकच विचारलं. तो चालता चालता म्हणाला, "पाटील म्हनले, कालवा बंद असं लिवा, न्हाईतर गाव कायमचं तहानलेलं ऱ्हाईल. मला वाटलं तुमी तपासाल."

"मी तपासलं नाही."

"न्हाई," संपत म्हणाला. एवढंच.

झुंबरबाई घरातच होत्या. मी बसलो आणि तांदळाचं, निळ्या नकाशाचं, टँकरचं सगळं सांगितलं. त्यांनी उठून कणगीत हात घातला आणि तांदळाखालून दोन्ही फायली काढून माझ्यापुढं ठेवल्या. पुठ्ठ्यावर पांढरी भुकटी बसली होती.

"ह्यातली एक कसली हाय?" त्यांनी विचारलं.

"समाजमंदिराची."

"उगंच आनली मग." त्या खाली बसल्या. "मी सभेत सांगितलं व्हतं. कालवा बंद झाला का चौथ्या दिशी ती हीर तळाला जाती. आमी बाया तिथं पानी भरतो, आमाला ठावं. हौशीराम म्हनला, बाई, तुमी सही करा. आन भाऊसाहेबांनी लिवलं का कुणाची हरकत न्हाई. लिवलं का न्हाई, भाऊसाहेब?"

संपतनं मान डोलावली.

"पण मग टाकी तर झाली असती," मी म्हणालो. मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

"टाकी व्हनार, नळ व्हनार, पानी न्हाई. आन मग टँकरबी बंद. कातळवस्तीचं तसंच झालं, माझ्या म्हायेरचं. योजना झाली म्हनून कागदावर गाव सुटलं. बारा वरसं टँकर न्हाई. माझी भावजय मैलभर चालती एका हंड्याला." त्यांचा आवाज चढला नाही. "आमच्या वाडीत चाळीस घरं हायेत. मी सरपंच असताना टँकर बंद झाला तर त्यांनी कुनाच्या दारात जायचं?"

"माझ्याकडं का नाही आलात?"

"चष्मा न्हाई म्हनलं, तवा वृषालीबाईंनी मला तो हिरीच्या चाचनीचा कागद वाचून दाखवला व्हता, शनिवारी. मी म्हनलं, खाली कुनाची सही? त्यांनी तुमचं नाव वाचलं. तुमची बायकू जाऊन पंधरा दिस न्हाई झालं तवाची सही. तुमाला सांगितलं असतं तर तुमाला लिवून द्यावं लागलं असतं का तुमीच चुकला. नोकरीवर आलं असतं. मला वाटलं, फाईल घावली न्हाई तर कुनाचंच काय जानार न्हाई."

"शाळा जाणार होती."

"ते बी ठावं हाय," त्या म्हणाल्या. "माझी नात सातवीत हाय."

मी फायलीची नाडी सोडली. शाळेचे कागद वेगळे केले, मूळ ठराव त्यांना लावला. पाण्याच्या कागदांना ठरावाची नक्कल लावली, संपतनं तिथंच बसून ती लिहिली. चाचणीचा कागद मी काढून घेतला. त्याच्या जागी माझ्या हातचा कागद लावला: चाचणीच्या काळात कालवा चालू होता, मी न तपासता सही केली, ही चाचणी धरू नये, योजना थांबवावी.

"खालच्या लोकांना काय सांगायचं?" संपतनं विचारलं. "ठराव एक व्हता. ते म्हनतील फसवलं."

"तुम्ही फसवलं नाही म्हणायला माझी सही दाखवा," मी म्हणालो.

झुंबरबाईंनी दोन्ही फायलींवर सावकाश सही केली. संपतनं प्रत्येक कागद आधी मोठ्यानं वाचून दाखवला. चार वर्षांत पहिल्यांदा.

७

शाळेची फाईल बुधवारी गेली आणि शुक्रवारी शिक्का झाला. हौशीराम पाटील घोडेगावला येऊन माझ्या टेबलापुढं उभे राहिले. "रावसाहेब, दुःखात मानसाचं डोकं फिरतं, हे मी समजू शकतो. पर गावाचं पानी का फिरवलं?" मी त्यांना बसायला सांगितलं. ते बसले नाहीत. त्यांचं पुढं काही झालं नाही. माझ्याकडून खुलासा मागवला. मी जे घडलं ते दोन पानांत लिहून दिलं, साळूचं नाव त्यात घातलं नाही. फायली कुठं होत्या, हेही लिहिलं नाही. माझी पुढची बढती थांबली. घरी ते सांगायला कोणी नव्हतं, म्हणून मला फारसं लागलंही नाही.

शाळा उभी राहिली आहे, वरच्या माळावर. सहा खोल्या. आठवीचा पहिला वर्ग २००२ च्या जूनमध्ये बसला. फाईल हरवली त्या वर्षीच्या सातवीतल्या नऊपैकी चारच मुली त्यात आल्या, दोन वर्षं घरी बसून. बाकी पाचजणींची लग्नं झाली होती. झुंबरबाईंची नात चारांत आहे. शाळेला पाणी नाही. मुली घरून बाटली आणतात आणि टँकर आठवड्यातून दोनदा येतो.

खरी चाचणी मे महिन्यात घ्यायची, वरच्या ओढ्याजवळ दुसरी जागा पाहायची, असं मी लिहून ठेवलं होतं. पहिल्या मे महिन्यात पंप मिळाला नाही, दुसऱ्या मे महिन्यात साहेब बदलले आणि तिसऱ्या मे महिन्याच्या आधी मी निवृत्त झालो. मोरदऱ्याच्या पाण्याची चाचणी अजून झालेली नाही.